पत्ता सोडून सगळं

"बाई, हात उचला बघू कीबोर्डवरून. आधी मला पाहू द्या," नसीम म्हणाली.

मी हात उचलले. 'मुलाची उंची पाच फूट सात इंच' अशी ओळ मी लिहिली होती, निदान माझ्या बोटांची तशी खात्री होती. पडद्यावर मात्र इंग्रजी अक्षरं, कंस आणि अर्धविराम यांचा काला झाला होता. सकाळपासून मी तीन वेळा यंत्र बंद करून चालू केलं होतं, कीबोर्ड उलटा करून झटकला होता, आणि शेवटी कराडच्या मार्केट यार्डाजवळ कॉम्प्युटर क्लास चालवणाऱ्या नसीम मुजावरला फोन केला होता. ती माझी जुनी विद्यार्थिनी. कोर्टातून निवृत्त झाल्यावर मी सहा वर्षं टायपिंगचा वर्ग चालवला, त्यातल्या शेवटच्या तुकडीतली.

ही गोष्ट दोन हजार सतरा सालच्या नोव्हेंबरातली. मी तेव्हा सदुसष्ट वर्षांची होते.

नसीमनं माउस इकडंतिकडं फिरवला, एक पान उघडलं आणि ओठ मुडपले.

"ब्राउझर अपडेट झालाय. तुमचं ते मराठी टायपिंगचं ॲड-ऑन त्यानं बंद केलं."

"बंद केलं म्हणजे? मला न विचारता?"

"त्यानं कुणालाच विचारलेलं नाही बाई. जुन्या पद्धतीची सगळीच ॲड-ऑन बंद केलीत."

त्या ॲड-ऑनवाचून माझं काय अडत होतं ते सांगायला हवं. मी शिकले टाइपरायटरवर. एकोणतीस वर्षं कोर्टात टाइपरायटरच बडवला. कुठली कळ कुठल्या बोटाखाली, हे माझ्या डोक्याला ठाऊक नाही, बोटांना ठाऊक आहे. इंटरनेटवर मराठी लिहायची मांडणी वेगळी. पण कुणीतरी एक छोटी युक्ती करून ठेवली होती. ती ब्राउझरला जोडली की माझ्या जुन्या कळा दाबल्यावर पडद्यावर सरळ मराठी उमटायचं. पाच वर्षं त्या अनोळखी माणसाला मी रोज मनात दुवा देत होते.

"रविवारी मेळावा आहे नसीम. शुक्रवारी संध्याकाळी पुस्तिका प्रेसला जायची आहे. आज सोमवार, आणि दोनशे दहा फॉर्म पडलेत."

हे फॉर्म हेमावहिनींच्या वधू-वर सूचक मंडळाचे. हेमलता शिर्के म्हणजे आमच्या भागातली मोठी हिकमती बाई. त्यांनी मंडळाची वेबसाइट करून घेतली होती. तिथं मी प्रत्येक स्थळाची माहिती भरायची. नाव, शिक्षण, उंची, अपेक्षा एवढं पुस्तिकेत छापलं जाई. पत्ता आणि फोन वेबसाइटवरच राहत, आणि दोन्हीकडून होकार आला की मग हेमावहिनी ते देत. मी स्वतः लग्न केलं नाही. हेमावहिनी दर महिन्याला एकदा तरी म्हणत, "कुमुदताई, एक फॉर्म तुमचाही भरून टाका की!" आणि मी म्हणे, "अपेक्षांचा रकाना लहान पडतोय हो."

नसीम खुर्ची ओढून बसली. "दोन वाटा आहेत. जुना ब्राउझर परत बसवून देते आणि अपडेट कायमचं बंद करते. दहा मिनिटांत तुम्ही पहिल्यासारख्या सुरू. नाहीतर नवी सरकारी मांडणी शिका. तिला ॲड-ऑन लागतच नाही."

"ती शिकायला किती दिवस?"

"तुम्हाला? महिना. वेग यायला दोन-तीन."

"मग विचारतेस काय! पहिलं कर."

तिनं हात लावला नाही. "बाई, एक सांगू का? जुन्या ॲड-ऑनना घरभर फिरायची मुभा होती. स्वयंपाकघर, देवघर, कपाट, सगळीकडं. नवा ब्राउझर म्हणतो, ओसरीपर्यंत या, आत नाही. हे अपडेट उगीच येत नाही. भोकं सापडतात, ती बुजवायला येतं. ते बंद केलं की भोकं उघडी. आणि हे ॲड-ऑन तुम्ही टाइप करता ते सगळं वाचू शकतं. हे बनवलंय कोणी?"

"आहे कोणीतरी भला माणूस. मी त्याला आभाराचं पत्रही पाठवलं होतं."

"उत्तर आलं?"

"पहिल्या वर्षी आलं."

"तीन वर्षं त्यानं याला हात लावलेला नाही. आता ते त्याच्याकडं आहे की त्यानं दुसऱ्या कुणाला देऊन टाकलंय, कुणाला माहीत?"

एवढ्यात हेमावहिनी आल्याच. हातात त्या दोनशे दहांतला शेवटचा गठ्ठा. सगळं ऐकून त्यांनी गठ्ठा माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाल्या, "अगं नसीम, आमच्याकडं चोरण्यासारखं आहे काय? मुलगा बी.कॉम., रंग गव्हाळ, शाकाहारी. ने म्हणावं!"

मी हसले. नसीमही हसली, पण तिनं पुन्हा माझ्याकडं पाहिलं.

"कर गं," मी म्हटलं. "मेळावा झाला की बघू नवीन."

तिनं करून दिलं. दहा मिनिटंही लागली नाहीत. मी पहिली ओळ टाइप केली आणि स्वच्छ मराठी उमटलं, तेव्हा हरवलेला चष्मा कपाळावरच सापडावा तसं मला झालं.

सोमवार, मंगळवार मी झपाटल्यासारखी बसले. सत्तर फॉर्म हातावेगळे केले. त्यातला एकही फॉर्म मी वाचला नाही, हे मी अभिमानानं सांगत असे. चांगला टाइपिस्ट वाचत नाही. डोळ्यांतून अक्षर आत येतं आणि बोटांतून बाहेर जातं, मध्ये थांबत नाही. आमच्या कोर्टातल्या थोरल्या शिरस्तेदारांनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, "मजकुरात शिरलीस की चूक झालीच म्हणून समज."

बुधवारी सकाळी एक मुलगी आली. मुलगी म्हणजे तिशीची असेल. साधी निळी साडी, डोक्यावर पदर नाही, पण पदराचं टोक मुठीत घट्ट धरलेलं. तिला मी इथं रेवती म्हणते. ते तिचं नाव नव्हे.

"हेमाकाकींनी पाठवलं. फॉर्म भरायचाय."

मी कोरा फॉर्म आणि पेन पुढं केलं. तिनं ते घेतलं नाही.

"कागदावर नको. तोंडी सांगते. तुमी लिवा."

लोक काय काय हट्ट करतात ते मला ठाऊक होतं. मी म्हटलं, "बरं, सांग," आणि थेट वेबसाइटवरच फॉर्म उघडला. नाव. वय. शिक्षण बारावी, शिवणकामाचा कोर्स. उंची पाच फूट एक. विवाहाची स्थिती.

"घटस्फोटित," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "कोर्टातनं झालाय. कागद हायेत. दाखवू?"

"नको. अपेक्षा?"

"हात न उचलणारा."

माझी बोटं तेही टाइप करून पुढं गेली. पण या वेळी अक्षर डोळ्यांतून आलं नव्हतं, कानांतून आलं होतं. ते मध्येच कुठंतरी अडकलं. मी पडद्यावरची ओळ वाचली. कामाला बसून इतकी वर्षं झाली, बहुधा पहिल्यांदाच.

"पत्ता?" मी विचारलं.

ती पडद्याकडं बघत होती. "बाई, ह्ये कुठं जातं?"

"हे म्हणजे?"

"तुमी लिवताय त्ये. ह्यातनं कुठं जातं? कोण बघतं?"

"मंडळाच्या वेबसाइटवर. पुस्तिकेत पत्ता छापत नाही आम्ही."

"त्ये हेमाकाकींनी सांगितलं. पर ह्या मशीनीतनं कोण बघतं?"

एरवी मी चटकन 'कोणी नाही' म्हटलं असतं. तोंड उघडलंही होतं. नसीमचं 'ओसरीपर्यंत' तेवढ्यात आठवलं आणि तोंड तसंच राहिलं.

"त्यो अजून हुडकतोय मला," रेवती म्हणाली. आवाज अगदी साधा, बाजारात काय भाव चाललाय हे सांगावं तसा. "गेल्या महिन्यात त्यानं धाडलेले दोघं मामाच्या जुन्या घराकडं येऊन गेले. आता आमी दुसरीकडं राहतो. गावातबी कुणाला सांगितलेलं न्हाई. म्हणून इचारते."

मी कीबोर्डवरचे हात मागे घेतले. त्यातच तिला उत्तर मिळालं. ती उठली.

"मग ऱ्हाऊ द्या. पत्ता सोडून सगळं लिवलंय न्हवं? बघते रविवारी जमलं तर."

"फोन तरी..."

"ऱ्हाऊ द्या," ती हात जोडून म्हणाली आणि गेली. पायरी उतरताना तिनं रस्त्याच्या दोन्ही टोकांना पाहिलं.

मी दार लावून परत खुर्चीवर आले. समोर तिचा अर्धा फॉर्म. आणि मला कार्बन आठवला.

कोर्टात काही खटले दार बंद करून चालत. बायकांचे, लहान मुलांचे. त्यांच्या जबान्या मी टाइप करायची. प्रती काढायला कागदांच्या मध्ये कार्बन घालायचा. एक कार्बन आठ-दहा वेळा आरामात चालतो. पण नव्या कार्बनवर एकदाच टाइप केलं आणि तो उजेडाला धरला, तर ओळ न् ओळ वाचता येते. मुद्दाम कुणी सांगितलं नव्हतं, पण दार बंद खटल्याला मी दर पानाला नवा कार्बन घ्यायची आणि काम झालं की मागच्या अंगणात नेऊन जाळायची. साहेब लोक चहा पीत असत तेव्हा मी काड्या ओढत उभी. भांडारातला कारकून सगळ्यांदेखत ओरडायचा, "पाटणकरबाई कार्बन खातात की काय!" सगळे हसायचे. मीही हसायची. पुढचा मागायची.

त्या जळालेल्या कार्बनमधला एक तरी कोणी वाचायला आला असता का? मला कधीच कळलं नाही. कळावं अशी इच्छाही नव्हती.

आणि तीच मी, सोमवारी, सोय होते म्हणून, 'कर गं' म्हणाले होते. सत्तर घरांचे पत्ते. त्यांतल्या एकालाही विचारलं नव्हतं.

मी नसीमला फोन केला. "ये आणि ते जुनं सगळं काढून टाक. ब्राउझर, ॲड-ऑन, सगळं. पासवर्डही बदल."

ती दुपारी आली. काम करता करता म्हणाली, "बाई, तीन दिवसांत तुमचा वेग येणार नाही हं."

"वेग कसा येतो हे तू मला शिकवणार?"

"नाही. शिकवणार दुसरंच." तिनं कीबोर्ड माझ्यासमोर सरकवला. "डाव्या हाताला स्वर. उजव्या हाताला व्यंजनं. सुरू करा."

मी 'कमल' लिहिलं. तेवढ्या तीन अक्षरांना मला अख्खं मिनिट लागलं. क सापडला, म हरवला. माझी बोटं जुन्या घरी जाऊन दार ठोठावत होती आणि तिथं कुणी दुसरंच राहायला आलेलं. मान खाली गेली ती वर येईना. नसीम शेजारी चुळबुळत होती.

"काय गं?"

"काही नाही."

"बोल की."

"बाई... खाली बघताय."

ही मुलगी शिकायला होती तेव्हा खाली बघते म्हणून मी तिच्या हातांवर टॉवेल टाकायची. आम्ही दोघी इतक्या हसलो की शेजारचे जोशी काय झालं म्हणून दाराशी आले.

हेमावहिनींना मात्र हसू आलं नाही. संध्याकाळी पाचला त्यांनी माझा दिवसभराचा हिशेब विचारला. "अकरा," मी म्हटलं. "दुपारनंतर चार."

"चार फॉर्म? एकशे एकोणतीस राहिलेत, कुमुदताई! काल तर चांगलं चाललं होतं."

"ते काढून टाकलं मी." आणि का, ते सांगितलं.

"एका मुलीसाठी? अहो, तिचा एकटीचा पत्ता नका घालू! बाकीच्यांचं काय अडलंय? लोक आपल्या दारावर पाटी लावतात, पत्रिकेत फोन छापतात. तुम्हाला भलताच सोवळेपणा सुचलाय."

"त्यांनी छापला तर तो त्यांनी छापला. हा आपल्याला विश्वासानं दिलाय."

"आणि पुस्तिका अर्धी निघाली तर मला कोण विचारेल? मंडळाला? पंधरा वर्षांचं काम आहे माझं!"

त्यांचा आवाज चढला होता, पण डोळे भरले होते. त्या मंडळावर त्यांचं घर चालत नव्हतं, पण नाव चालत होतं. ते मी ओळखून होते.

"रेवतीनं मला विचारलं, हे कोण बघतं," मी म्हटलं. "तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही काय सांगितलं असतं, वहिनी?"

त्या पिशवी उचलून निघून गेल्या. चहाचा कप तसाच.

गुरुवारी सकाळी आठला दार वाजलं. हेमावहिनी. नाकावर चष्मा, बगलेत घडीची खुर्ची, हातात डबा.

"मी वाचते, तुम्ही फक्त टाइप करा. तेवढीच मान उचलायची वाचेल. पण बडबड करणार मी. ती ऐकावी लागेल."

"इतकी वर्षं ऐकतेच आहे."

आणि त्या वाचू लागल्या. दोन दिवस आम्ही दोघी समोरासमोर बसलो. एक ओळ त्या वाचायच्या, मी शोधत शोधत उमटवायची, आणि मधल्या वेळात त्यांची टीका.

"अपेक्षा. मुलगी नोकरी करणारी हवी, पूर्ण वेळ घर सांभाळणारी हवी. मग हा काय करणार? पंखा फिरतो का बघत बसणार?"

"ओळ सांगा, वहिनी."

"आवडी : वाचन, प्रवास, आणि आई. आई ही आवड झाली?"

"उंची सांगा."

"पाच फूट तीन. पायात बूट घालून, मी पाहिलंय याला."

ज्या फॉर्मांत मी कधी शिरले नव्हते त्यांत आता दोघी मिळून शिरलो होतो. एका पोरीनं अपेक्षांत लिहिलं होतं, 'माझ्या वडिलांना वर्षातून एक महिना आमच्याकडे राहू द्यावे.' हेमावहिनींनी ती ओळ पुन्हा वाचली. मग म्हणाल्या, "हिच्यासाठी एक आहे माझ्या डोक्यात." असं त्या दोन दिवसांत पाच-सहा वेळा झालं.

शुक्रवारी दुपारपर्यंत माझा उजवा अंगठा सुजला. पण मान वर राहू लागली होती. चार वाजता मोजले, अठ्ठ्याण्णव झाले होते. एकतीस राहिले.

"जाऊ दे," हेमावहिनी म्हणाल्या. "मी लिहिते हातानं. झेरॉक्स काढून पुस्तिकेत घालू." आणि खरंच बसल्या. त्यांचं अक्षर म्हणजे मुंग्या चालत गेल्यासारखं, पण गाठीशी तेवढंच होतं.

रविवारी मंगल कार्यालय भरलं. पुस्तिकेतून सुटे कागद गळून पडत होते, आणि लोक ते उचलून ज्याचे त्याला देताना एकमेकांशी बोलत होते. दोघा-तिघांनी नावं ठेवली. एका काकांनी माइकवरून विचारलं की आमच्या चिरंजीवांना हस्ताक्षरात का टाकलं. हेमावहिनींनी माइकवरूनच सांगितलं, "खास स्थळं हातानं लिहितात." काका खूश होऊन बसले.

माझं लक्ष दाराकडं होतं. माझ्याकडं त्या मुलीचा ना फोन होता ना पत्ता. ती आली नाही तर तिला मी कुठं शोधणार होते? बारा वाजले, जेवणाची पंगत बसू लागली, आणि ती दिसली. आईला घेऊन आली होती. शेवटच्या रांगेत, भिंतीला पाठ लावून, दोन्ही दारं दिसतील अशी.

मी जाऊन शेजारी बसले.

"तू विचारलंस त्याचं उत्तर बुधवारी मला देता आलं नाही," मी म्हटलं. "आता देते. तुझा पत्ता यंत्रात घालायचा नाही. वेबसाइटवरही नाही. एका कागदावर माझ्या हातानं लिहायचा आणि माझ्या लोखंडी कपाटात ठेवायचा. स्थळ आलं तर आधी तुला निरोप. तू हो म्हणाल्याशिवाय कुणाला काही नाही."

"म्हंजी कुणाकुणाला म्हाईत असंल?"

"तुझ्या घरची माणसं सोडली तर मी आणि हेमावहिनी."

तिनं आईकडं पाहिलं. आईनं हळूच मान हलवली. रेवतीनं मुठीतलं पदराचं टोक सोडलं, हात मांडीवर पुसला आणि पुस्तिका उघडली. पानं उलटत एका पानावर थांबली. "ह्यो चाळीसचा दिसतोय. पर अपेक्षा एकच लिवलीय ह्यानं."

"काय?"

"'शांत घर.'" त्या दोन शब्दांवरून तिनं बोट फिरवलं. मग माझ्याकडं वळून, ओठ माझ्या कानाशी आणून तिनं पत्ता सांगितला. मी सोबत कागद नेला होता, पण पेन काढलं नाही. तेवढ्या गर्दीत नको वाटलं. घरी येईपर्यंत पाठ करत आले आणि मग लिहिला.

पुढं जे व्हायचं ते झालं, चांगलं झालं. तिचं लग्न झाल्यावर तो कागद तिनंच एक दिवस परत नेला. त्या जुन्या ॲड-ऑननं कधी कुणाचं काही नेलं का, ते मला अजून कळलेलं नाही. नव्या मांडणीवर माझा वेग आता मिनिटाला तीसच्या वर आहे, आणि ही गोष्ट मी तिच्यावरच लिहिली, एकदाही खाली न बघता.

गाव, आळी, घरासमोरची खूण, वरच्या मजल्याचा जिना कुठल्या बाजूनं, सगळं मला आज पंच्याहत्तरीतही जसंच्या तसं पाठ आहे. ते इथं लिहीत नाही.